गाऱ्हाणे कोणाकडे सांगावे?

रायपूरच्या रेल्वे स्थानकामागे, रुळांच्या पलीकडच्या अंगास, गुढियारी नावाची वस्ती आहे. नाव ऐकताच मराठी माणसास गुढीची आठवण व्हावी. प्रत्यक्ष तेथे गेल्यावर दिसतात ती पोती. धान्याचा आणि किराण्याचा घाऊक व्यापार येथे चालतो. सकाळी हमालांची आरडाओरड, दुपारी गादीवर पेंगणारे मुनीम आणि संध्याकाळी रस्ता अडवून उभे राहिलेले मालट्रक, असा येथील दिनक्रम. नोकरीच्या बदलीने आम्ही या वस्तीच्या कडेला येऊन राहिलो, त्याला आता काही वर्षे झाली.

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली अगदी क्षुल्लक. शेजारच्या तीन बिऱ्हाडांत मिळून आम्ही तुरीच्या डाळीचे एक पोते घेतले. घरी वाटणी करताना सव्वा किलो डाळ कमी भरली. दुसऱ्या दिवशी पेढीवर जाऊन सांगितले. शेठजींनी आमच्याकडे पाहिले, मुनीमाकडे पाहिले, काट्याकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता सव्वा किलो डाळ मोजून दिली. ते मनातून आम्हांस लबाड समजले असतील, किंवा हमालास. पण गाऱ्हाणे ऐकून घेणारा माणूस समोर होता.

दुसरी गोष्ट आमच्या जिव्हारी लागणारी होती. एका मोठ्या कंपनीकडे आमचे खाते आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. वाचकांपैकी बहुतेकांचे खाते अशाच कोणत्या तरी कंपनीकडे असेल. आईच्या शेवटच्या गणपतीची छायाचित्रे, वडिलांच्या हस्ताक्षरातील पत्रांच्या प्रती, सारे त्या खात्यात होते. नवा मोबाइल घेतल्यावर कंपनीने ओळख पटविण्यास सांगितले आणि सहा आकड्यांचा संकेतांक आमच्या जुन्या क्रमांकावर पाठविला. तो क्रमांक आम्ही ओडिशात संबलपूरला असताना घेतलेला. बदलीनंतर तो बंद पडला आणि रीतीप्रमाणे पुढे दुसऱ्या कोणास दिला गेला. गावोगाव फिरणाऱ्या नोकरदारांस ही कथा नवी वाटणार नाही. आम्ही कंपनीकडे तक्रार लिहिली. चोवीस तासांच्या आत पोच आली. पंधरा दिवसांच्या आत उत्तरही आले. उत्तरात लिहिले होते की, आपल्या नोंदलेल्या क्रमांकावर संकेतांक पाठविला आहे, तो कृपया भरावा.

या दोन प्रसंगांमुळे आमच्या मनात एक जुना प्रश्न उभा राहिला. बातमी आणि निरोप यांचा व्यापार करणाऱ्यांवर आपल्याकडील गिऱ्हाईक पूर्वी विश्वास ठेवीत असे, तो कशाच्या बळावर? आणि आज तो उडाला असेल तर नेमका कोठे?

या प्रदेशात या विषयाचा आरंभ करावयाचा तर तो माधवराव सप्रे यांच्यापासून करणे भाग आहे. आजच्या गौरेला-पेंड्रा-मरवाही जिल्ह्यातील पेंड्रा येथे सप्रे राजकुमाराचे शिक्षक होते. सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा असता त्यांनी तो धरला नाही आणि जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांचे सहकारी होते, तर प्रकाशनाची बाजू वामन बळीराम लाखे यांनी सांभाळली. तिघेही मराठी, आणि पत्र मात्र हिंदी. परप्रांती राहून तेथील भाषेचे ऋण कसे फेडावे याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. सप्रे यांनी मासिकात ग्रंथपरीक्षणाला मोठे स्थान दिले. पुस्तक चांगले की वाईट हे वाचकास निर्भीडपणे सांगावे, म्हणजे त्याचे पैसे आणि वेळ फुकट जाणार नाहीत, ही दृष्टी त्यामागे होती.

हे मासिक तीन वर्षे चालले आणि डिसेंबर १९०२ मध्ये बंद पडले. कारण पैसा. अंक घेणारे पुष्कळ, वर्गणी पोचविणारे थोडे. म्हणजे विश्वासघात झाला तो गिऱ्हाइकाकडून! आजच्या तक्रारखोर जमान्यात ही आठवण थोडी बोचेल, पण सांगणे अवश्य आहे. तथापि या हिशेबाचे स्वरूप स्वच्छ होते. संपादकास वाचकाकडून वर्गणी येणे होती, वाचकास संपादकाकडून अंक येणे होता, आणि कोण कोणाचे किती लागतो हे दोघांसही ठाऊक होते.

सप्रे यांच्याच आयुष्यातला पुढचा प्रसंग याहून मोलाचा. १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढला. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्या माणसांच्या, विशेषतः वडील बंधूंच्या, असह्य आग्रहाखातर त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. सुटले, परंतु आपण वाचकांच्या विश्वासाला पात्र उरलो नाही ही खंत त्यांना सोडीना. वर्ध्याजवळ हनुमानगडी त्यांनी एकांतवास पत्करला, समर्थांच्या वाङ्मयात मन घातले, माधुकरी मागून ते राहिले. ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद आणि पुढे लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद ही त्यानंतरची कामे. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचा अंत झाला. माफी मागितली म्हणून त्यांना दोष देणारे तेव्हा होते आणि आजही निघतील. आम्हांस त्या माफीहून नंतरची माधुकरी अधिक बोलकी वाटते. गमावलेला विश्वास हे आपल्या नावावरचे कर्ज आहे असे मानणारा संपादक येथे, आमच्या घरापासून दोन-तीन मैलांच्या आत, राहत होता.

वृत्तपत्रांकडून तारेकडे वळू, कारण आजच्या मोबाइल कंपनीचा वंश तारेपासूनच चालत आला आहे. १८८५ चा भारतीय तार कायदा वाचू गेल्यास एक गंमत आढळते. त्याच्या नवव्या कलमात म्हटले होते की, तार घेण्यात, पाठविण्यात किंवा पोचविण्यात कर्मचाऱ्याची चूक होऊन कोणाचे नुकसान झाले तर सरकार जबाबदार नाही. कर्मचारीही जबाबदार नाही. मात्र त्याने ती चूक निष्काळजीपणाने, दुष्टाव्याने किंवा कपटाने केली असेल, तर तो आहे! सरकारी नोकरीतल्या वाचकांनी हे कलम अवश्य मनन करावे. सरकार हात झटकून मोकळे, खिडकीतला तारबाबू मात्र अडकलेला. न्यायाच्या दृष्टीने हे काही शोभादायक नव्हे. शिवाय पाचव्या कलमाने सरकारला निरोप अडविण्याचा आणि पाहण्याचा अधिकारही दिला होता. तरीही १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली तोवर माणसे मरणाची आणि जन्माची वार्ता तिच्यावर सोपवीत आली. विश्वास कायद्यावर नव्हताच. शब्द मोजून, पैसे घेऊन, शिक्का मारून पावती देणारा एक इसम खिडकीत बसत असे, त्याच्यावर होता. आणि परकीयांचा तो कायदासुद्धा त्या इसमास ओळखत होता.

स्वातंत्र्यानंतर १९५७ साली या कायद्यात ‘सात-ब’ हे कलम घालण्यात आले. तार किंवा दूरध्वनीच्या उपकरणाविषयी, तारमार्गाविषयी वाद निघाल्यास तो केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाईल, असा त्याचा आशय. दूरध्वनी ही तेव्हा थोड्यांची चैन. त्या कलमाकडे कोणी फारसे पाहिले नाही.

दरम्यान महाराष्ट्रात दुसरीकडून वारे वाहू लागले होते. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. कुटुंबांचे गट करून घाऊक भावाने माल आणावयाचा आणि आपसांत वाटून घ्यावयाचा, ही तिची पद्धत मुंबईच्या मध्यमवर्गाने उचलून धरली. (आमची तीन बिऱ्हाडांची डाळ हा त्याचाच गरीब अवतार.) गिऱ्हाइकाने दयेची याचना करू नये, हक्काने बोलावे, ही भाषा त्या चळवळीने रुजविली. अशा प्रयत्नांतून डिसेंबर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच उभे राहिले. वकील न लावता साधा माणूस तेथे उभा राहू शकतो, हे त्या कायद्याचे सर्वांत मोठे पुण्य.

आणि येथेच ते १९५७ चे निद्रिस्त कलम जागे झाले. केरळातील एका ग्राहकाचा दूरध्वनी बिल न भरल्याच्या कारणावरून तोडण्यात आला होता. ग्राहक मंचाने तो जोडून देण्याचा आणि भरपाईचा हुकूम केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने सांगितले की, दूरध्वनीच्या बिलाच्या तंट्यासाठी तार कायद्यात खास तरतूद असल्यामुळे ग्राहक मंचाचे दार येथे उघडत नाही. काळ लक्षात घ्या. खेड्यापाड्यांतील माणसाच्या हाती मोबाइल येत होता, कोट्यवधी नवी गिऱ्हाइके रोज पैसे भरीत होती, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या गाऱ्हाण्याची वाट अर्ध्या शतकापूर्वीच्या कलमाने अडविली. देशोदेशीच्या कंपन्यांनी कितीही युक्त्या लढविल्या असत्या तरी इतकी सोयीची भिंत त्यांना बांधता आली नसती. ती आमच्याच कायद्याने बांधून ठेवलेली सापडली.

ही भिंत पडण्यास बारा वर्षे लागली. अहमदाबादच्या एका ग्राहकाची तक्रार अशी होती की, महिन्याला सरासरी ५५५ रुपयांचे बिल येत असता नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ चे बिल एकदम २४,६०९ रुपये ५१ पैसे आले. तो मंचाकडे गेला. कंपनी अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेऊन वर वर जात राहिली. अखेर १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ग्राहक कायद्याचा उपाय इतर उपायांच्या जोडीला असतो, तो हिरावला जात नाही. चोवीस हजारांच्या बिलाचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्यास ते ऐकण्याचा अधिकार आहे की नाही, एवढे ठरण्यास आठ वर्षे!

मध्यंतरी गाऱ्हाण्याचे स्वरूपच बदलले होते. २०१५ साली फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ नावाची योजना पुढे केली. काही निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे. वृत्तपत्रांत पानपानभर जाहिराती आल्या, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे आपल्या नावाने तयार पत्र पाठवा असे सदस्यांना सुचविण्यात आले. लाखो पत्रे गेली. प्राधिकरणाने लोकांना काही नेमके प्रश्न विचारले होते. त्यांची उत्तरे या छापील पत्रांत नव्हती, आणि प्राधिकरणाने ते कंपनीला स्पष्ट सुनावले. ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने असे भेदभावाचे दर बंद झाले. २०१८ साली छत्तीसगड सरकारने स्त्रिया आणि विद्यार्थी यांना लक्षावधी स्मार्टफोन वाटले. मागणी न करता गिऱ्हाईक बनलेल्या या बायाबापड्यांना कंपनी म्हणजे काय आणि तिचे दार कोठे, हे कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने सर्वांपुढे नव्या अटी ठेवल्या. माहितीच्या देवघेवीस संमती द्या, नाहीतर वापर सोडा, असा त्यांचा रोख. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याबद्दल मूळ कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण अपिलात गेले.

कोणी म्हणेल, तक्रार ऐकणारे अधिकारी आता नेमले आहेतच. खरे आहे. २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले. चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल ही मुदत त्याच नियमांनी २०२१ साली घालून दिली होती, आणि आमच्या बाबतीत ती काटेकोरपणे पाळली गेली. २०२३ पासून सरकारने वरच्या अपीलसमित्याही नेमल्या आहेत. पण ग्राहक मंचाचे काय? १९८६ च्या कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतून एक गोष्ट वगळली आहे: विनामूल्य दिलेली सेवा. गुढियारीचा शेठ आमचे पैसे घेतो म्हणून आम्ही त्याचे ग्राहक. सप्रे यांची वर्गणी बुडविणारा निदान त्यांचा ऋणको तरी होता. ज्या कंपनीने आमच्याकडून एक पैसा मागितला नाही, आमची आवड-निवड मात्र जाहिरातदारांच्या उपयोगी आणली, तिचे आम्ही कायद्याने कोण? माहिती हाच मोबदला, असा युक्तिवाद करता येईल. कायद्याच्या अक्षरांत तो लिहिलेला नाही.

आमच्या खात्याचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. सर्व उपाय थकल्यावर एके रात्री आम्ही आमच्याच जुन्या क्रमांकावर दूरध्वनी केला. संबलपूरकडील एक तरुण बोलला. सायकलदुरुस्तीचे दुकान चालवितो म्हणाला. आम्ही मोडक्या हिंदी-ओडियात सारी हकीकत सांगितली. संकेतांक कोणासही सांगू नका अशी ताकीद त्याच संदेशात असते, आणि ती त्याने आम्हांस वाचून दाखविली. मग आमच्या आईचे नाव विचारले, गणपती किती दिवसांचा असे हे विचारले, आणि थोडे थांबून सहाही आकडे सावकाश सांगितले. छायाचित्रे परत मिळाली. आम्ही आभार मानू लागलो तेव्हा तो संकोचून म्हणाला की, त्याचेही एक काम आहे: दोन वर्षे झाली, दिवाळीला आणि संक्रांतीला त्याला न कळणाऱ्या लिपीत पन्नास-पन्नास शुभेच्छा येतात, बँकेचे निरोप येतात, कोणा काकूंच्या बारशाचे आमंत्रणही आले होते. ते बंद करण्यासाठी त्याने दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा पोच तेवढी आली.

आम्ही त्या रात्री सर्व नातलगांस नवा क्रमांक कळविला.