कलेक्ट रिक्वेस्ट (रक्कम-मागणी)

यूपीआय या भारतीय देयक-व्यवस्थेत पैसे घेणाऱ्याने देणाऱ्याच्या फोनवर धाडलेले आणि देणाऱ्याने आपला चार किंवा सहा आकडी गुप्त पिन घालताच त्याच्या खात्यातील रक्कम तत्काळ मागणाऱ्याच्या खात्यात जमा करणारे मागणीपत्र.

मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने उभारलेल्या या व्यवस्थेचा प्रारंभ एप्रिल २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते झाला, आणि पैसे पाठवण्याइतकेच ते मागणेही सुलभ असावे, हा तिच्या रचनेतील एक मूळ विचार होता. पेढीवर दाखवताच रक्कम चुकवावी लागणाऱ्या दर्शनी हुंडीशी या मागणीपत्राचे नाते जवळचे आहे. परंतु हुंडी सकारण्यापूर्वी पेढीचा मुनीम हस्ताक्षर निरखी, आडत्याच्या पत्राशी मजकूर ताडून पाही, आणि शहाजोग हुंडीची रक्कम तर पेठेत पत असलेल्या गृहस्थाच्याच हाती पडे; इथे तो सारा विवेक, ज्याने असा व्यवहार जन्मात केला नाही अशा मनुष्याने, भाजी चिरता चिरता वाजलेल्या फोनच्या पडद्यावर क्षणार्धात करावा, अशी अपेक्षा होती.

याच अपेक्षेचा गैरफायदा घेणाऱ्या फसवणुकीची रीत ठरलेली असे. जुना सोफा विकायला काढलेल्या गृहिणीला अनोळखी गिऱ्हाईक फोन करी, आपण सैन्यात असून बदलीच्या गडबडीत आहोत असे सांगे, घासाघीस न करता भाव कबूल करी आणि ‘पैसे पाठवलेत, पिन टाका म्हणजे जमा होतील’ असे आर्जवाने म्हणे. पडद्यावर रकमेखाली ‘सोफ्याचे पैसे मिळतील’ अशी ओळ दिसे; ती ओळ बँकेची नसून मागणाऱ्यानेच लिहिलेली आहे, हे तिने कशावरून ओळखावे? पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हा नियम जाहिरातींतून पुष्कळ घोकवला गेला. तथापि देणे आणि घेणे या परस्परविरुद्ध क्रिया ज्या पडद्यावर सारख्याच भासतात, तिथे दोष वापरणाऱ्याच्या अज्ञानाचा नसून रचनेचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

नुकसानभरपाईचा प्रश्नही इथेच अडतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकान्वये, बँक वा ग्राहक यांपैकी कोणाचीही चूक नसताना त्रयस्थाने रक्कम लांबवली आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत वर्दी दिली, तर त्याच्यावर तोशीस पडत नाही. पण जिने स्वहस्ते पिन घातला, तिची फिर्याद निष्काळजीपणाच्या कलमापाशी लंगडी पडते. १९३० या साहाय्य-क्रमांकावर तातडीने कळवल्यास रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याचा संभव असतो.

व्यक्तिगत मागणीवर पुढे २,००० रुपयांची मर्यादा आली. अखेर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या २९ जुलै २०२५ च्या परिपत्रकाने, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी करणेच बंद करण्यात आले. व्यापाऱ्यांच्या मागणीस ही मनाई लागू नव्हती. सहलीची वर्गणी मित्रांकडून मागून घेण्याची निरुपद्रवी सोयही या मनाईबरोबर गेली, आणि ती वर्गणी आता आपले क्यूआर-चित्र सर्वांना धाडून गोळा करावी लागते.