डोंगर राखला, शेते गेली

चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथोचे क्षेत्रफळ जेमतेम ३० हजार चौरस किलोमीटर आहे. त्याची सर्वांत सखल जागाही समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच. सगळी भूमी हजार मीटरच्या वर असलेला जगात हा एकच स्वतंत्र देश. ही उंची निसर्गाची देणगी वाटते. पण देशाच्या वाट्याला एवढे डोंगरच का उरले, याचे उत्तर इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशात टोळीयुद्धे आणि दुष्काळ यांनी माणसे देशोधडीला लागली. १८२४ मध्ये मोश्वेश्वे नावाचा एक लहानसा सरदार आपले लोक घेऊन थाबा बोसिउ या डोंगरावर आला. सपाट माथा, चहूबाजूंनी कडे, चढायला मोजक्याच वाटा. वर झरे आणि गुरांना चारा. गडकोट पाहिलेल्या मराठी वाचकाला या जागेचे मोल वेगळे सांगायला नको. नावाचा अर्थ 'रात्रीचा डोंगर'. रात्री तो उंच वाढतो, अशी लोकांची समजूत होती. पण राज्य उभे राहिले ते केवळ कड्यांवर नव्हे. आश्रयाला आलेल्यांना मोश्वेश्वे गुरे सांभाळायला देई. दूध सांभाळणाऱ्याचे, गुरे राजाची. या 'माफिसा' पद्धतीने विखुरलेल्या कुळांचे बासोथो राष्ट्र झाले.

पुढे गाठ पडली ती बोअर वसाहतवाल्यांशी. १८५८ मध्ये पहिले युद्ध झाले. १८६५ मध्ये फ्री स्टेटच्या फौजेने थाबा बोसिउवर हल्ला चढवला. त्यांचा सेनानी वेपेनर चढाईतच पडला. डोंगर हाती लागेना, तेव्हा फौजेने पिके जाळली, गुरे हाकून नेली. अजिंक्य गडाखाली राज्य उपाशी पडले. १८६६ च्या तहात सुपीक जमीन गेली. अखेर मोश्वेश्वेने ब्रिटिशांचे संरक्षण मागितले आणि १२ मार्च १८६८ रोजी ते मिळाले. राज्य वाचले, पण १८६९ च्या करारात कॅलेडन नदीपलीकडची शेते फ्री स्टेटकडेच राहिली. पुढच्याच वर्षी मोश्वेश्वे वारला. त्याची कबर त्याच डोंगरावर आहे.

१८७० च्या दशकात किम्बर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींना धान्य विकणारे बासोथो पुढे त्याच मुलुखातल्या खाणींत मजुरीला जाऊ लागले. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला, तरी हा क्रम थांबला नाही.

१९८६ च्या जलकरारानंतर डोंगरांना नवी किंमत आली. १८५ मीटर उंचीच्या कात्से धरणाचे पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्ग परिसराकडे जाते आणि लेसोथोला त्याचे पैसे मिळतात. मात्र ज्या खोऱ्यांत थोडीफार शेते आणि कुरणे उरली होती, त्यांतलीच काही या जलाशयांखाली गेली.

२०२३ मध्ये लेसोथोच्या संसदेत फ्री स्टेटच्या भूमीवर हक्क सांगणारा प्रस्ताव चर्चेला आला. सीमा बदलण्याची शक्यता नाही, हे साऱ्यांनाच ठाऊक आहे. पण दीडशे वर्षांनीही हक्क सांगितला गेला तो डोंगरावर नव्हे, शेतांवर.