नौकेच्या टोकावरचा चढ

राजोडीच्या वाळूवर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की समुद्र अथांग वाटतो, पण डोळ्यांना दिसतो तो जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरचा. त्यापुढे पृथ्वीची गोलाई आड येते. बाहेर जाणाऱ्या होडीचं बूड आधी नाहीसं होतं, मग केबिन, आणि सगळ्यात शेवटी काठीवरचं निशाण. याच किनाऱ्याला उत्तरेकडे अर्नाळ्याचा जलदुर्ग आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३७ मध्ये मराठ्यांनी ते बेट घेतलं. वसईचा किल्ला पडला तो मे १७३९ मध्ये. बुरूज जितका उंच तितका समुद्र जास्त दिसतो, हे जलदुर्ग बांधणारे जाणून होते. आजच्या युद्धनौकेचं रडारही त्याच भूमितीला बांधलेलं आहे. पाण्यापासून ३० मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला लाटांवरून १० मीटर उंचीने येणारं क्षेपणास्त्र साधारण ३५ किलोमीटरवर आल्यावरच दिसू शकतं. ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगाच्या क्षेपणास्त्राला तेवढं अंतर कापायला पाऊण मिनिटही लागत नाही. तेच रडार तीन हजार मीटर वर नेलं, तर समुद्राचा सव्वादोनशे किलोमीटरचा पट्टा त्याच्या टप्प्यात येतो. नौदलाला विमान का लागतं, याचं मूळ कारण हे आहे. मारा नंतरचा, आधी दिसलं पाहिजे.

लढाऊ विमानांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो: विमान स्टेल्थ आहे का, कितव्या पिढीचं आहे? हवाई दलापुरता तो प्रश्न बरोबर आहे. नौदलाच्या बाबतीत मात्र तो दुसरा प्रश्न ठरतो. पहिला प्रश्न विमान ज्या डेकवरून उडणार, त्या डेकच्या टोकाचा. भारताच्या दोन्ही विमानवाहू नौकांचं नाक वर उचललेलं आहे. ‘विक्रमादित्य’ आणि नवी ‘विक्रांत’ या दोघींच्या छायाचित्रांत सर्वांत आधी नजरेत भरतो तो हा चढच. त्याला स्की-जंप म्हणतात. हा चढ कुठून आला, कोणत्या अडचणीतून जन्मला आणि आपल्याकडे कसा रुजला, हे पाहिलं की आपल्या नौदलाला कोणतं विमान मिळू शकतं आणि कोणतं नाही, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

या घराण्याचा मूळपुरुष वर चढणारा नव्हता, तो खाली उतरणारा होता. १४ नोव्हेंबर १९१० रोजी यूजीन इली या अमेरिकन वैमानिकाने ‘बर्मिंगहॅम’ या क्रूझरवर बांधलेल्या लाकडी फळ्यांच्या मंचावरून विमान उडवलं. मंच जेमतेम २५ मीटरचा, आणि नौकेच्या टोकाकडे उतरता. टोक सोडताच विमान खाली गेलं, पाण्याला शिवलं आणि तिथून कसंबसं सावरून वर आलं. विमान पंखांवर तरंगण्याइतका वेग येण्याआधीच जहाज संपतं, ही अडचण पहिल्याच उड्डाणात उघडी पडली आणि पुढची सगळी कुळकथा तिच्याच भोवती फिरते. यांत्रिक उत्तर म्हणजे कॅटापुल्ट, विमानाला पुढे फेकणारं यंत्र. दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमानं जड झाली तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या कॉलिन मिचेल यांनी बाष्पावर चालणारा कॅटापुल्ट सिद्ध केला आणि १९५० पासून ‘पर्सियस’ या नौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. आपली पहिली ‘विक्रांत’ म्हणजे ब्रिटनची अर्धवट राहिलेली ‘हर्क्युलिस’. बेलफास्टला ती पूर्ण करताना तिला तिरका डेक आणि बाष्पावरचा कॅटापुल्ट दोन्ही बसवले गेले. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली.

कॅटापुल्टची किंमतही याच नौकेने दाखवून दिली. बाष्प येतं बॉयलरमधून, आणि १९७१ च्या युद्धाच्या तोंडावर ‘विक्रांत’च्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते. वेग कमी ठेवावा लागत होता. वेग कमी म्हणजे डेकवरून वाहणारा वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे विमानाला उचलणारा हात तेवढा दुबळा. तरीही ४ डिसेंबरला ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला आणि पुढच्या दिवसांत सी हॉक व अलिझे यांनी चितगावसह पूर्व पाकिस्तानची बंदरं निकामी केली. सी हॉक त्या काळीही जुनंच विमान होतं. चढाओढीत ते कुठेच बसत नव्हतं. पण ते बंगालच्या उपसागरात, हव्या त्या जागी, हव्या त्या वेळी हजर होतं. नौदलाच्या हवाई बळाचं मोल मोजायचं असेल तर विमानाच्या पिढीआधी हे हजर असणं मोजावं लागतं.

चढ जन्मला तो काटकसरीतून. ब्रिटनने मोठ्या विमानवाहू नौकांचा नाद सोडला आणि ‘इन्व्हिन्सिबल’ वर्गाच्या लहान नौका बांधायला घेतल्या. त्यांवर कॅटापुल्ट नव्हता. होतं ते जागच्या जागी उभं उडू शकणारं हॅरियर. पण सरळ उभं उडताना हॅरियरला पुरेसं इंधन आणि शस्त्रं घेऊन जाता येत नसत. ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट कमांडर डग्लस टेलर यांनी साउदम्प्टन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात यावर साधा उपाय मांडला: डेकचं टोक वर वळवा. विमान टोक सोडतं तेव्हा त्याचा वेग उडण्याइतका नसतो, पण दिशा वरची असते. फेकलेल्या दगडासारखं ते काही क्षण वर जात राहतं, तेवढ्यात इंजिन वेग वाढवत राहतं, आणि विमान पुन्हा खाली झुकायच्या आत पंख भार घेतात. यात हलणारा एकही भाग नाही, बाष्प नाही, बिघडण्यासारखं काही नाही. ऑगस्ट १९७७ मध्ये बेडफर्ड इथे जमिनीवर बांधलेल्या चढावरून हॅरियर पहिल्यांदा उडालं. मग ‘हर्मिस’ या नौकेला १२ अंशांचा चढ बसवला गेला आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात तीच ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका होती. इतकी थोडकी सामग्री वापरून इतका मोठा फरक पाडणारी दुसरी युक्ती नौदलांच्या इतिहासात मला दिसत नाही. टेलर यांचं नाव आपल्याकडे जवळजवळ कोणालाच माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

हीच ‘हर्मिस’ १२ मे १९८७ रोजी आपली ‘विराट’ झाली. सी हॅरियर विमानं १९८३ च्या अखेरीस गोव्याला दाबोळीच्या ‘हंसा’ तळावर येऊन पोचली होती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या ‘विक्रांत’वरचा कॅटापुल्ट काढून तिलाही चढ बसवला गेला. म्हणजे एकदा हातात आलेला कॅटापुल्ट आपण स्वतःहून सोडला. त्या वेळच्या विमानांसाठी आणि त्या वेळच्या पैशांत तो निर्णय योग्यच होता. पण त्यानंतर चढ ही आपली सवय झाली. दुसरी शाखा रशियाकडून आली. सोव्हिएत नौदलाने हॅरियरसारखी खास विमानं न घेता सुखोई आणि मिग ही जड, नेहमीची लढाऊ विमानं चढावरून उडवायची आणि तारांनी अडवून उतरवायची अशी सांगड घातली. ‘गोर्शकोव्ह’ या नौकेच्या पुढच्या भागावरची क्षेपणास्त्रं काढून तिथे १४ अंशांचा चढ उभारला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती ‘विक्रमादित्य’ झाली. कोचीला बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली, तीही याच पद्धतीची. गोव्याच्या ‘हंसा’ तळावर तर जमिनीवरच असा चढ आणि अडवणाऱ्या तारा उभारलेल्या आहेत, वैमानिकांच्या सरावासाठी आणि नव्या विमानांच्या चाचण्यांसाठी. तेजसच्या नौदल आवृत्तीने तिथेच धडे गिरवले आणि ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते ‘विक्रमादित्य’वर उतरवलं. त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्येच, हे विमान नौकेसाठी जड आहे असं नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी जाहीर केलं होतं. विमान उडतं, पण हवा तेवढा भार घेऊन उडत नाही, ही ती तक्रार होती.

आता स्टेल्थकडे येऊ. योगायोग असा की त्याचाही जन्म १९७७ चाच. अमेरिकेच्या गुप्त ‘हॅव ब्लू’ विमानाचं पहिलं उड्डाण त्या वर्षीच्या १ डिसेंबरला झालं. स्टेल्थ म्हणजे अदृश्य होणं नव्हे. आकाराच्या कडा आणि पृष्ठं अशी बेतायची की रडारच्या लहरी परत न जाता भलतीकडे जातील, आणि वरून त्या शोषून घेणारा लेप द्यायचा. पण रडारचं गणित असं आहे की विमानाचा रडारवरचा ठसा दहा हजारपट कमी केला, तर ते दिसण्याचं अंतर एक-दशांश होतं. चारशे किलोमीटरवर दिसणारं विमान चाळीसवर दिसू लागतं. हा लाभ मोठाच आहे, पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते. पंखांखाली टांगलेलं क्षेपणास्त्र सगळी मेहनत वाया घालवतं, म्हणून शस्त्रं आणि इंधन दोन्ही पोटात घ्यावी लागतात. पोट वाढतं, सांगाडा वाढतो. आणि चढाला नेमकं वजनच झेपत नाही. बाष्पावरचा मोठा कॅटापुल्ट तीस टनांचं विमान सुमारे ९० मीटरांत, दोन-अडीच सेकंदांत, उडण्याच्या वेगाला नेतो. चढावर ते सगळं विमानाच्या स्वतःच्या इंजिनांना करावं लागतं. म्हणून एक तर इंधन कमी भरायचं किंवा शस्त्रं कमी लावायची.

याहून गंभीर नुकसान त्या उंचावरच्या रडारचं आहे. अमेरिकेचं आणि फ्रान्सचं नौदल हॉकाय हे टेहळणीचं विमान वापरतात. ते आठ-नऊ हजार मीटर उंचीवरून तासन् तास पहारा देतं, पण त्याला कॅटापुल्ट लागतो. आपण तेच काम कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरकडून करून घेतो. हेलिकॉप्टर फार उंच जात नाही, फार वेळ टिकत नाही. समोरचं विमान स्टेल्थ असेल तर आपली नजर आणखी लांब आणि आणखी सतत हवी. नेमक्या तिथेच चढ आपला हात आखडतो. चीनने याचा धडा घेतलेला दिसतो. त्यांच्या पहिल्या दोन विमानवाहू नौका चढाच्या आहेत. तिसरी ‘फुजियान’ नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल झाली ती विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट घेऊन, आणि तिच्यावरून त्यांनी स्टेल्थ जे-३५ बरोबर केजे-६०० हे टेहळणीचं विमानही उडवून दाखवलं. लोकांचं लक्ष जे-३५ कडे गेलं. माझ्या मते दखल घ्यायची ती दुसऱ्या विमानाची.

यावर पहिला आक्षेप येतो एफ-३५बीचा. ते स्टेल्थ आहे आणि ब्रिटनच्या नौकांवर चढावरूनच उडतं, मग चढाला दोष कसला? खरं आहे, पण ते उडतं ते पोटातल्या उचल-पंख्याच्या बळावर, आणि त्या पंख्याने इंधनाची जागा खाल्लेली आहे. कॅटापुल्टवरून उडणाऱ्या एफ-३५सीमध्ये सुमारे ८,९०० किलो इंधन मावतं, एफ-३५बीमध्ये सुमारे ६,०००. शिवाय असं विमान सांभाळणं सोपं नाही. १४ जून २०२५ रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या ब्रिटिश नौकेचं एक एफ-३५बी तिरुवनंतपुरमला उतरलं आणि बिघाडामुळे २२ जुलैपर्यंत तिथेच अडकून राहिलं. ब्रिटनहून तंत्रज्ञांचं पथक आणावं लागलं. आपल्या नौकेपासून दूर पडलेल्या विमानाची ही गत आहे, तर भर समुद्रात डेकवर काय होईल, याचा विचार खरेदीची घाई करणाऱ्यांनी करावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या काळात विमानवाहू नौका हवीच कशाला? जामनगरहून नौकाभेदी क्षेपणास्त्रं घेऊन जॅग्वार उडतात, गोव्याला तळ आहे. राजोडीसमोरचा समुद्र, त्यापलीकडचं दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवरचं मुंबई हाय, हे सगळं जमिनीवरून राखता येतं. इथवर हा आक्षेप मान्य करायलाच हवा. कोकण किनाऱ्याच्या रक्षणासाठी कोणी विमानवाहू नौका मागत असेल तर ती मागणी चुकीची आहे. पण किनाऱ्यापासून दूर गेलं की चित्र पालटतं. १९७१ मध्ये ‘विक्रांत’ पूर्वेला होती, पश्चिमेला नव्हती. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुक्री’ ही नौका बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आणि त्या पाणबुडीच्या शोधात निघालेलं, किनाऱ्यावरून उडालेलं एक संथ अलिझे दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलं. त्याच्या सोबतीला समुद्रावर लढाऊ विमान नव्हतं. क्षेपणास्त्राला लक्ष्य कोणीतरी दाखवावं लागतं, आणि दाखवणाऱ्याला कोणीतरी राखावं लागतं.

तिसरा आक्षेप पैशांचा. एप्रिल २०२५ मध्ये २६ रफाल-एम विमानांचा सुमारे ६३,००० कोटी रुपयांचा करार झाला. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये, गोव्याच्या चढावरून रफालने उडून दाखवलं होतं. म्हणजे चढावर निभावतं. कॅटापुल्ट मात्र महाग, वीजभुकेला, आणि अमेरिकेच्या ‘फोर्ड’ या नौकेवर कित्येक वर्षं कटकटीचा ठरलेला. हे सगळं कबूल. ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ आहेत तशा उपयोगी आहेत आणि त्या बदलण्यात अर्थ नाही. पण नौका पन्नास वर्षं टिकते, ‘विराट’ तर ब्रिटनचा काळ धरून त्याहून जास्त टिकली. तिचा आराखडा ठरतो त्या दिवशी पुढच्या दोन पिढ्यांची विमानं ठरतात. फॉकलंड पाहिलेला तो १२ अंशांचा चढ मुंबईच्या गोदीत वर्षानुवर्षं उभा होता. निवतीजवळ ‘विराट’चं संग्रहालय करायला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये ८५२ कोटी रुपयांची मंजुरीही दिली होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती अलंगला तोडायला गेली. जुना चढ जपता आला नाही, ही हळहळ आहेच. पण तिसरी मोठी नौका मंजूर होईल तेव्हा विमानाचं नाव विचारण्याआधी तिच्या डेकच्या टोकाला काय बसवणार, हे विचारलं पाहिजे. तिथे पुन्हा चढच असेल, तर त्यावरून पूर्ण भाराचं स्टेल्थ विमान आणि टेहळणीचं विमान या दोन्हींची अपेक्षा धरू नये.