आधी गोष्ट, मग अक्षर

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करते.

दर शनिवारी मी आमच्या भागातल्या एका शाळेत पुस्तकांची पेटी घेऊन जाते. मागच्या महिन्यात तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर कोल्ह्याची गोष्ट वाचत होता. ओळीखाली बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत. 'रात्र'ला 'रातर' म्हणाला, मी दुरुस्त केलं. 'कोल्ह्याने'वर अडला, मी घाईघाईने सांगून टाकलं. तिसऱ्यांदा टोकलं तेव्हा त्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "ताई, मला नाही येत वाचता. तुम्हीच वाचा."

अहो, तो वाचतच होता! वाचता येत नाही ही खात्री त्याला मी दिली, तीही पाच मिनिटांत.

त्या रात्री कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती, सुमारे ९० वर्षांपूर्वीचं. गिजुभाई (१८८५–१९३९) पेशाने वकील. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता माँटेसरीबाईंच्या विचारांपर्यंत पोचले आणि वकिली सोडून शिक्षणात आले. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं.

'दिवास्वप्न' ही कल्पित कथा आहे. एक शिक्षक अधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी प्रयोगाला मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि पार फसतो. मुलं नुसता गोंधळ घालतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, आणि तोच वर्ग कान टवकारून ऐकतो.

आता यातली गंमत बघा. पुढे तो मुलांच्या पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गासाठी गोष्टींची पुस्तकं आणतो. मुलं ती हाताळतात, वाचतात. कशासाठी? परीक्षेसाठी नाही, तर आत गोष्ट आहे हे त्यांना आता माहीत झालंय म्हणून. म्हणजे मूल आधी ऐकणारं होतं, मग वाचनाचं भुकेलं होतं आणि मग वाचणारं होतं. मी ही पहिली पायरी गाळून थेट जोडाक्षरावर बोट ठेवलं होतं.

कोणी म्हणेल, पुस्तकात सगळं सोपंच असतं. म्हणून पुढचा धागा सांगते, तो आपल्या महाराष्ट्रातला आहे.

भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. शिक्षणाने माणसाला काय मिळतं, हे त्यांना कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

तिथे अडचण अक्षरांच्याही आधीची होती. वस्तीतली मुलं शाळेत येईनात. मग या दोघींनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. आज गावोगावी ऐकू येणारा हा शब्द त्यांच्या कामातून आला आहे. पुढे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू झालं. तिथली बरीच मुलं दिवसभर गुरं राखायची. तर शाळा गुरांमागे कुरणात गेली! तिचं नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं म्हणून मुली येत नव्हत्या, तर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली.

मला यातून एक गोष्ट फार लागली. मूल शाळेत येत नाही म्हटल्यावर 'यांना शिकायचंच नाही' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. या दोघींनी उलट विचारलं, आपलं काय चुकतंय? ज्या मुलासाठी शाळा आपली जागा सोडून त्याच्या दारात येते, त्याला न सांगता कळतं की शिकणं आपल्यासाठीही आहे. आत्मविश्वास यातून येतो. नुसतं "शाब्बास" म्हणून येत नाही.

परवाच्या शनिवारी मी पेटी उघडली, पण कुणाला वाच म्हटलं नाही. मीच एक गोष्ट सांगायला घेतली. वाघ विहिरीत डोकावतो तिथे थांबले आणि पुस्तक सतरंजीवर ठेवून दिलं. थोड्या वेळाने त्याच मुलाने ते उचललं. पुटपुटत वाचायला लागला. पुन्हा 'रातर' म्हणाला. माझी जीभ शिवशिवली हो! पण गप्प बसले. तो दोन शब्द पुढे गेला, थबकला, मागे आला आणि स्वतःच म्हणाला, "रात्र."

माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. वाघाचं काय झालं, ते त्याला बघायचं होतं.

तर मंडळी, लहानपणी तुम्हाला कुणी टोकलं आणि कुणी वाचू दिलं, ते आठवून बघा. भेटू पुढच्या भागात.