हातशिलाई (छंद)

यंत्राविना, केवळ सुईदोऱ्याने विरंगुळ्यासाठी केलेले शिवण वा भरतकाम. बंगळूरच्या बसवनगुडीतील हौशी हातांना याचा जवळचा नमुना उत्तर कर्नाटकात सापडतो : इरकली लुगड्यांवर खुलणारी धारवाडची कसुती. तिच्यात परंपरेने नक्षी छापत नाहीत, कापडाचे धागे मोजतात. गावंती टाक्यात धावदोरा घालत पुढे जायचे आणि त्याच वाटेने परतताना सुटलेल्या जागा भरायच्या. गाठही नसल्याने दोन्ही बाजू सारख्या दिसतात. एक धागा चुकला तरी परतीचा टाका जुळत नाही. म्हणजे लक्ष पूर्ण गुंतते, पण दर टाक्याला नवा निर्णय घ्यावा लागत नाही. या कामात मन निवते, त्याचे कारण बहुधा हेच. जपमाळेतही मोजणी अशीच मनाला बांधून ठेवते.

अशा कामाला ध्यान म्हणण्यावरचा आक्षेप रास्त आहे : मजुरीवर भरतकाम करणाऱ्या बाईचे डोळे शिणतात, मान अवघडते, तिला कसले ध्यान? खरे आहे. पण टाका तोच असताना अनुभव पालटतो, तो नगावरच्या दराने आणि मुदतीच्या धाकाने. शांतता टाक्यात उपजत नसते; वेग ठरवण्याची मुभा तिची पूर्वअट असते. त्यामुळे कसुतीला सरसकट ‘ध्यान’ म्हणणे कारागिरांवर अन्याय करणारे आहे. हाताने शिवलेल्या गोधडीचेही तेच.