रुळांचे दुखणे सांगणारी पेटी

कोपरगाव : दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्यावरील कोपरगाव परिसरातील जमीन काळी आणि गोदावरीच्या कालव्यांवर भिजणारी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेतकऱ्याच्या ते अंगवळणी पडले आहे. रुळांना मात्र अशी माती मानवत नाही. भराव हलला, खडी दबली की एक रूळ दुसऱ्यापेक्षा किंचित खाली बसतो. हा फरक थोडक्या अंतरात बदलत गेला तर मार्गाला पीळ पडतो. पीळ वाढल्यास एखाद्या चाकावरील भार कमी होऊन ते रुळावर चढण्याचा धोका संभवतो.

रोज पायी मार्ग तपासणाऱ्या की-मनला सैल झालेली क्लिप, तडकलेला रूळ दिसतो. पण गाडीच्या भाराखाली रूळ किती दबतो, हे मोकळ्या मार्गावर उभे राहून कसे कळणार? ते धावत्या गाडीलाच कळते.

त्यासाठी रेल्वेत 'ऑसिलेशन मॉनिटरिंग सिस्टीम' वापरली जाते. ही छोटी पेटी डब्याच्या फरशीवर, बोगीच्या मध्याजवळ ठेवतात. तिच्यातील त्वरणमापक उभे व आडवे हिसके नोंदवतो. अतिवेगवान मार्गांवर गुरुत्वत्वरणाच्या ०.१५ पट, तर इतर ब्रॉडगेज मार्गांवर ०.२० पटींहून मोठा हिसका दोष म्हणून मोजला जातो. अडचण अशी, की डब्याच्या स्प्रिंगा बरेचसे धक्के गिळून टाकतात. म्हणून सांध्यातील खड्ड्यासारखे आखूड दोष पकडायचे तर संवेदक थेट चाकांच्या आसाच्या पेटीवर बसवावा लागतो. दोन रुळांमधील १६७६ मिलिमीटर अंतर हिसक्यांवरून समजत नाही. ते मोजण्यास लेसर असलेली ट्रॅक रेकॉर्डिंग कार लागते.

हिसका रुळामुळे बसला की झिजलेल्या चाकामुळे, हा प्रश्न उरतोच. एकाच गाडीची नोंद येथे पुरेशी नाही. मात्र वेगवेगळ्या गाड्यांना त्याच ठिकाणी हिसका बसला, तर दोष मार्गाचाच असे समजावे. म्हणूनच नेहमीच्या प्रवासी गाड्यांवर संवेदक बसवण्याकडे जगाचा कल आहे. जपानमध्ये टोकाइदो शिंकान्सेन मार्गावरील एक 'डॉक्टर यलो' तपासणी गाडी जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. हे काम आता प्रवासी गाड्यांवरील उपकरणांकडे सोपवले जात आहे.

दोष सापडल्यावर टॅम्पिंग यंत्राने खडी ठोकून रूळ समपातळीत आणतात. त्यासाठी वाहतूक थांबवून 'ब्लॉक' घ्यावा लागतो. कर्नाटक एक्स्प्रेससारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या धावणाऱ्या मार्गावर तो मिळवणे सोपे नसते. काम झाल्यावर पेटी पुन्हा गाडीत ठेवून त्याच किलोमीटरवरून नेली जाते. खालची माती भिजून पुन्हा खचली असेल, तर तोच हिसका पुन्हा उमटतो. अशा ठिकाणी नुसती खडी ठोकून भागत नाही, पाण्याचा निचरा आणि भरावच सुधारावा लागतो.