सॉसेजच्या विषापासून कपाळावरच्या आठीपर्यंत : बोटॉक्सची गोष्ट

हेडफोन लावलेत? मग आधी एक करा. कोणीतरी तुमचं चार्जर न विचारता नेलंय असं समजा आणि रागाने बघा. भुवयांच्या मधे दोन उभ्या रेषा उमटल्या ना? त्याच आठ्या. त्या घालवायला लोक जे इंजेक्शन घेतात, त्यात जगातलं एक अत्यंत जहाल विष असतं. हे विष चेहऱ्यापर्यंत आलं कसं, ते आज ऐकू या.

चला दक्षिण जर्मनीत, व्युर्टेंबर्गमध्ये. एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. तिथे सॉसेज खाऊन माणसं मरत होती. मरण विचित्र होतं. माणूस शुद्धीवर असायचा, पण पापण्या उघडत नव्हत्या, एकाचे दोन दिसायचे, घास गिळवत नव्हता आणि शेवटी श्वास थांबायचा. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या. हा गडी कवीसुद्धा होता. त्याने ते विष स्वतः चाखूनही पाहिलं! (तुम्ही असलं काही करू नका.) १८२२ साली त्याने लिहिलं, की हे विष मज्जातंतूंमधून जाणारा निरोप अडवतं. पुढे तो असंही म्हणाला, की अगदी थोडं दिलं तर हेच विष औषध होईल. ती कल्पना पुढे दीडशे वर्षं तशीच पडून राहिली.

डिसेंबर १८९५. बेल्जियममधलं एलझेल गाव. अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. बरेच जण आजारी पडले आणि तिघे गेले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून जिवाणू शोधून काढला. हवा नसेल तिथेच तो वाढतो. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोटुलस’ म्हणतात, म्हणून आजाराचं नाव बोट्युलिझम आणि विषाचं बोट्युलिनम.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने याच विषाचा अभ्यास शस्त्र म्हणून केला. त्या कामात असलेल्या एडवर्ड शांट्झने ते शुद्ध रूपात तयार केलं आणि पुढे इतर संशोधकांनाही पुरवलं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट त्यांपैकी एक. तिरळेपणात डोळ्याचा एक स्नायू जास्त ओढतो. मग त्यालाच थोडा सैल केला तर? आधी माकडांवर, मग माणसांवर प्रयोग झाले. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी या औषधाला परवानगी मिळाली.

मग सुरकुत्या कुठून आल्या? व्हँकुव्हरमध्ये डॉ. जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आकडीवर ही इंजेक्शनं देत होत्या. एक पेशंट बाई तक्रार करू लागल्या, ‘भुवयांच्या मधे का नाही दिलंत? तिथे दिलं की माझा चेहरा शांत दिसतो.’ जीन यांचे पती अॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी प्रयोग सुरू केले आणि १९९२ मध्ये निबंध छापला. २००२ मध्ये अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला मान्यता मिळाली.

आता हे काम कसं करतं? मज्जातंतूच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या छोट्या पिशव्या असतात. त्या फुटल्या की स्नायू आकसतो. पिशवी बाहेर रिकामी व्हायला स्नॅप-२५ हे प्रथिन लागतं, आणि विष नेमकं तेच कापतं. मेंदू हाक मारतोय, पण निरोप्या दारातच अडकलाय. स्नायू आकसला नाही, की वरच्या कातडीला घडी पडत नाही.

परिणाम साधारण तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोनेक आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिने टिकतो. मज्जातंतू पुन्हा नवं प्रथिन बनवतो, नवे फाटे फोडतो आणि आठ्या परत येतात. म्हणजे एकदा घेतलं आणि कायमचं सुटलो, असं होत नाही. आणि चेहरा अगदी स्वस्थ असतानाही दिसणाऱ्या खोल रेषा याने पूर्ण जात नाहीत.

शेवटी एक गंभीर गोष्ट. २००४ साली फ्लोरिडात चार जणांना सुरकुत्यांसाठी मान्यता नसलेलं, प्रयोगशाळेसाठीचं विष टोचलं गेलं. चौघांनाही बोट्युलिझम झाला आणि श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. विष तेच होतं, प्रमाण मात्र वेगळं होतं. म्हणून रीलवर ‘स्वस्तात ग्लो’ दिसला, की आधी विचारा: देणारा डॉक्टर आहे का? बाटलीवर कोणाचं लेबल आहे? किती युनिट देणार? नंतर गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, थेट दवाखाना गाठा.

केर्नरने दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. औषध की विष, हे मात्रा ठरवते. आणि आठ्या पडल्याच, तर पडू द्या की! रागावता येणं हाही चेहऱ्याचा हक्क आहे. भेटू पुढच्या भागात.